दर चौरस किलोमीटरमागे

लेंड्या आधी वाळवायच्या, मग मोजायच्या,
मग चाळणीत घालून नळाखाली धरायच्या
पाणी निवळेपर्यंत.
सेमिनरी हिल्सच्या उतारावरची ही खोली.
कूलर एक, भिंग एक,
हिवाळ्यात दोन्ही सारखेच गार.

आईला फोनवर सांगते, चितळांचं काम आहे.
ती शेजारणीला सांगते, पोरगी हरणं पाहते.
चार वर्षांत मी पाहिल्या
फार तर त्यांच्या पळत्या शेपट्या.
बाकी सगळं त्यांनी मागं टाकलेलं.

गवताची पेशी लांबट, आत गारेचे बारीक डंबेल.
सागाच्या पानाला चांदण्यांसारखे केस.
चावून, पचून, आम्लात उकळूनही
पान आपलं नाव सोडत नाही.

पहिल्या वर्षी, गोरेवाड्यापलीकडच्या त्या तुकड्यात
चितळं अकरा. दर चौरस किलोमीटरमागे अकरा.
आणि काचेवर मारवेल, मारवेल, थोडा शेडा,
पुन्हा मारवेल.
दिवाळसणाच्या जावयासारखी जेवत होती,
कुसळी ताटाबाहेर सारून.

मग रस्ता रुंद झाला, मग रस्त्याकडेनं जाळी आली,
जाळीच्या आत बिबट्याही फिरकेना.
तिसऱ्या वर्षी सत्तावीस.
चौथ्या वर्षी त्रेचाळीस.
आकड्याशेजारचा रकाना लांबत गेला:
कुसळी आली, कुसळं धरायच्या आतच ओरबाडलेली.
येनाची साल. धावड्याचं गळून पडलेलं पान.
सागाच्या चांदण्या, आधी कधीच नसलेल्या.
तिखाडीसुद्धा,
जिला नुसतं शिवलं तरी बोटं दिवसभर वास देतात.

काळमेघ सर म्हणाले, आहाराची व्याप्ती रुंदावते आहे.
वाक्य चांगलं होतं, मी प्रबंधात घेतलं.
ज्यांना काल नको म्हणता येत होतं
त्यांना आज म्हणता येत नाही,
हे कुठल्या प्रकरणात घालायचं
ते विचारायचं राहिलं.

कार्तिकातल्या नमुन्यात एक तुकडा आला.
माझ्या साठ काचांच्या पेटीत त्याचा कुणी सगा नव्हता.
गवत नाही. साग नाही. येन नाही.
तीन आठवडे त्याच्याकडे पाहून
माझा उजवा डोळा लाल.

झनकलाल परतेती महिन्याची पिशवी घेऊन आला
तेव्हा त्यालाच बसवलं भिंगापुढं.
एक डोळा गच्च मिटून त्यानं बराच वेळ पाहिलं.
"ढग दिसून राहिले जी," म्हणाला.
"हे राहू द्या. चला."

जाळीच्या आत जमीन हजामत केल्यासारखी.
उभा फक्त तरोटा, गुडघ्याएवढा,
शेंगा धरलेला,
आणि शेंडे सगळे एका उंचीवर खुडलेले,
जशा सकाळीच बायका भाजीला येऊन गेल्या असाव्यात.

तरोटा माझ्या पेटीत नव्हता,
कारण पहिल्या वर्षी यादी करताना
मीच त्याच्यापुढं लिहिलं होतं: कुणी खात नाही.

"कुणी नाही कसं?" झनकलाल हसला.
"आम्ही नऊ भावंडं. मोठ्या तिघांच्या वेळी घरात तुरीचं वरण होतं म्हणतात.
माझा नंबर लागेपर्यंत हाच.
माय म्हणे, खाऊन पाय, चांगला लागते.
आता खरंच चांगला लागते.
बायको मेथी आणते, मी याच्याकडे येतो."

बोलता बोलता त्यानं हात वर केला. गप्प.
पन्नास पावलांवर एक मादी,
तिच्या पोटाला लागून यंदाचं पाडस.
मादीनं शेंडा तोंडात धरला, सोडला,
इकडेतिकडे हुंगलं, परत धरला.
पाडस मात्र सरळ खात होतं.
एकामागून एक, शेपटी हलवत.
मारवेल कशाला म्हणतात
हे त्याला अजून कुणी सांगितलं नव्हतं.

रात्री एकसष्टावी काच केली.
चिठ्ठी लावली: तरोटा.
यादीतला जुना शेरा खोडला.
तिथं काय लिहायचं, पेन उघडं ठेवून बसले आहे.